सांगलीत सूर्य आधी मावळतो

तानाजी फौजेत सिग्नल्समध्ये होता. रेडिओ दुरुस्त करता करता नायब सुभेदार झाला आणि निवृत्त होऊन उंब्रजला आला. हायवेच्या सर्व्हिस रोडला त्यानं टीव्ही दुरुस्तीचं दुकान टाकलं. टीव्ही आता कोणी दुरुस्त करत नाही, बिघडला की नवा आणतात. त्यामुळं दुकानात वेळ भरपूर असायचा, आणि त्या वेळात त्याला जुन्या घरगुती कॉम्प्युटरांचा नाद लागला. चाळीस वर्षांपूर्वीचे, टीव्हीला जोडायचे, कीबोर्डाच्या पोटातच सगळं मशीन असलेले. भंगारातून आणि शाळांच्या अडगळीतून त्यानं नऊ गोळा केले, त्यातले सात चालू केले. गावात कुणाला त्यांचा काडीचाही उपयोग नव्हता. फौजेत माणसाच्या डोक्यावर परिणाम होतो, असं शेजारचा टायरवाला गिऱ्हाइकांना सांगायचा. तानाजी ऐकायचा आणि हातातलं काम करत राहायचा.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात सांगलीहून कीर्ती नावाची बाई गाडी घेऊन आली. मागच्या सीटवर उशी होती, उशीवर एक मशीन होतं आणि मशीनला सीटबेल्ट लावलेला होता.

"सासऱ्यांचं आहे," ती म्हणाली. "त्यांनी सांगितलं, गतिरोधकावर मशीन हातात घेऊन उतर आणि चालत जा. तेवढं मी केलं नाही."

मशीन जपानी बनावटीचं होतं, पण अरब देशांसाठी केलेलं. प्रत्येक बटणावर इंग्रजीच्या जोडीला अरबी अक्षर. कीर्तीचे चुलत सासरे, पारस, कुवेतला नोकरीला होते. त्यांनी अठ्ठ्याऐंशीच्या दिवाळीत ते थोरल्या भावाला, म्हणजे कीर्तीच्या सासऱ्यांना पाठवलं होतं. सासऱ्यांचं नाव नेमिनाथ, घरात अण्णा. हळदीचे व्यापारी, वय एकोणऐंशी. मशीनसोबत पारसनं स्वतः लिहिलेल्या प्रोग्रामची एक कॅसेटही पाठवली होती.

प्रोग्राम सूर्यास्ताचा होता. नेमिनाथांच्या जैन घरात सूर्य मावळल्यावर कोणी अन्नपाणी घेत नाही. रोज सकाळी पूजा झाली की अण्णा मशीन लावत, कॅसेट चढवत, तारीख आणि घड्याळातली वेळ घालत. संध्याकाळी सूर्यास्ताला दहा मिनिटं उरली की मशीन तीनदा वाजायचं. तिसऱ्या आवाजाला अण्णा पाण्याचा शेवटचा घोट घेऊन पेला पालथा घालत. हे छत्तीस वर्षं चाललं होतं. पुराचं पाणी गल्लीत शिरलं की घरातून सगळ्यात आधी माळ्यावर जायचं ते मशीन, मग बँकेची कागदपत्रं, मग माणसं.

"फोनवर कळते की वेळ," तानाजी म्हणाला.

"मी एकदा दाखवली होती. अण्णा म्हणाले, फोन अमेरिकेतून वेळ आणतो, त्याला सांगलीचं काय माहीत."

मशीनला काय झालंय ते तानाजीला पाच मिनिटांत समजलं. पडद्यावरची अक्षरं मध्येच फुटत होती, सातच्या जागी चौकोन येत होता. चित्र काढणारी चिप बोट ठेववत नाही इतकी तापत होती. ती जायच्या बेतात होती.

आता इथं एक गोष्ट सांगायला हवी. तशीच एक चिप तानाजीच्या खणात होती. काढायची, घालायची, दोन तासांचं काम. पण याच घराण्यातली पुढच्या पिढीची चिप या जुन्या मशीनला बसवता येते, हे त्यानं वाचलं होतं आणि दोन वर्षं तो तशा संधीची वाट बघत होता. स्वतःच्या मशीनवर प्रयोग करायचा तर त्याच्याकडं या जातीचं मशीनच नव्हतं. ते आता सीटबेल्ट लावून दारात आलं होतं. खणाबद्दल तो काही बोलला नाही.

त्यानं नेमिनाथांना फोन लावला. "अण्णा, जुनी चिप लय तापती. नव्या पिढीची घालूया. चित्र स्वच्छ दिसंल. एका ओळीत चाळीस अक्षरं येत्यात, तिथं ऐंशी येतील. चित्राची मेमरी आठपट हुईल."

"मला आठपट काय करायचीय?"

"घ्यायचीच तर तेवढीच मिळती."

अण्णांनी विचारलं, "माझ्या प्रोग्रामला काय होईल?"

"काय न्हाई हुणार. हाय तसा चालंल."

हे वाक्य तानाजीनं अगदी सहज उच्चारलं. अण्णांनी होकार दिला. मशीन नसेल त्या दिवसांच्या वेळा त्यांनी आधीच वहीत उतरवून घेतल्या होत्या.

काम तीन आठवडे चाललं. जुन्या चिपला चाळीस पाय, नवीला चौसष्ट आणि तेही दाटीनं. त्यामुळं मधे बसवायला एक छोटी पट्टी लागते. ती स्पेनमधले एक निवृत्त मास्तर घरी बनवतात, त्यांच्याकडून मागवली. त्याच पट्टीवर नव्या मेमरीच्या चिपा. शिवाय मशीन चालू होताना ज्या मूळ सूचना वाचतं, त्यांची चिपही बदलायची, नाहीतर नवं डोकं बसवूनही मशीन स्वतःला जुनंच समजतं. पट्टी दहा दिवसांत आली. मुख्य चिप इंटरनेटवरच्या एका विक्रेत्याकडून आली, ती लावली तर पडदा काळा. तानाजीनं बायकोची, क्रांतीची, नखांचा रंग पुसायची बाटली आणली, कापसाचा बोळा भिजवून चिपवर फिरवला, तर वरचा नंबर बोळ्यावर आला. खाली दुसराच नंबर होता. कुठल्या तरी फॅक्स मशीनची चिप होती.

"बाटली संपली," क्रांती म्हणाली.

मग त्याला म्हसवडचा बिराप्पा आठवला. बिराप्पा पूर्वी लग्नांचं शूटिंग करायचा आणि कॅसेटवर 'चि.' आणि 'सौ. कां.' अशी नावं तरंगत आणायचा. नावं टाकायचं त्याचं मशीन शेडमध्ये मक्याच्या पोत्यांखाली पडून होतं. तानाजी मोटारसायकलवरून म्हसवडला गेला, बिराप्पाचा मिक्सर दुरुस्त करून दिला आणि ते मशीन घेऊन आला. आत हवी ती चिप होती, अस्सल. माण तालुक्यातली कित्येक लग्नं तिच्यातून गेली होती.

जुनी चिप काढताना त्यानं एकेका पायाचं सोल्डर ओढून घेतलं. चाळीस पायांना दुपार गेली. नवी पट्टी बसवली, मेमरी बसवली, सूचनांची चिप बदलली, दोन तारा वरून ओढल्या. मशीन लावलं. निळाशार पडदा आला, सुरेख, कुठं एक ठिपका हललेला नाही. तानाजी स्टुलावर बसला आणि बराच वेळ नुसता पडद्याकडं बघत राहिला. टायरवाला डोकावून म्हणाला, "काय लागलंय?" तानाजी म्हणाला, "काय न्हाई." आणि खरंच काही लागलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं अण्णांची कॅसेट चढवली. प्रोग्राम यायला चार मिनिटं लागली. आला तो तारीख विचारणारा नेहमीचा पडदा नव्हता. तिथं मजकूर होता. अक्षरं इंग्रजी, भाषा मराठी, ओळी पडद्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. तानाजीनं बोट ठेवून तो वाचला.

'दादा, हे दिसतंय म्हणजे तू नवीन मशीन घेतलंस. बरं केलंस. तुझ्या जुन्या मशीनवरच्या वेळा मुंबईच्या आहेत. माझ्याकडं पंचांग मुंबईचं होतं. सांगलीत सूर्य आधी मावळतो. थंडीत दोनतीन मिनिटं, उन्हाळ्यात अकरापर्यंत. सांगलीचं गणित मला जुन्याचा प्रोग्राम झाल्यावर जमलं, पण ते नवीन मशीनवर केलंय, जुन्यावर चालत नाही. जुनं वापरलंस तर वेळेतून बारा मिनिटं वजा करत जा. हे मी पत्रातही लिहिलंय, पण तू पत्रं पुरती वाचत नाहीस. पुढं जायला कुठलंही बटण दाब. तुझा, पारस.'

तानाजीनं बटण दाबलं. तारीख विचारली. त्यानं घातली. सूर्यास्ताची वेळ आली. मग कीर्तीला फोन करून अण्णांच्या वहीतली त्याच तारखेची जुनी वेळ विचारून घेतली. अकरा मिनिटांचा फरक होता.

त्याला झालेला प्रकार कळला. कॅसेटवरच्या प्रोग्राममध्ये दोन्ही गणितं होती. चालू होताना तो मशीनला विचारायचा, तू जुनं की नवं? मशीन छत्तीस वर्षं खरं तेच सांगत होतं, की जुनं. मग प्रोग्राम हा पडदा सोडून थेट मुंबईच्या वेळांकडं जायचा. खणातली चिप बसवली असती तर तो आणखी छत्तीस वर्षं तसाच गेला असता.

आणि मशीन वाजायचं ते दहा मिनिटं आधी. फरक मात्र मेच्या मध्यापासून जुलैच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत दहाच्या वर जात होता. म्हणजे त्या दिवसांत अण्णा पेला पालथा घालत तेव्हा सांगलीचा सूर्य गेलेला असायचा. जाऊन एक मिनिटही झालेलं नसायचं, पण गेलेला असायचा.

तानाजीनं दोन दिवस दुकान उघडलं आणि काही केलं नाही. जेवताना त्यानं क्रांतीला सांगितलं.

"तुमाला चिप बदलायला सांगितलीवती," क्रांती म्हणाली. "भानगड काढायला न्हाई."

"ती आपसूक निघाली."

"मग आपसूक झाकून टाका."

झाकणं अवघड नव्हतं. दोन ओळी बदलल्या की मजकूर येणार नाही, सांगलीच्या बरोबर वेळा गुपचूप येतील. त्या दोन ओळी त्यानं कागदावर लिहूनही ठेवल्या. पण अण्णा त्या माणसांतले होते, ज्यांना काल सूर्य किती वाजता मावळला हे पाठ असतं. आज अकरा मिनिटांनी आधी मावळला तर ते विचारणार, आणि मग तानाजीला खोटं बोलावं लागणार. शिवाय सिग्नल्समध्ये बावीस वर्षं त्याला एकच शिकवलं होतं, की आलेला निरोप आपल्यासाठी नसेल तर ज्याचा आहे त्याला द्यायचा, त्यात काय लिहिलंय ते बघून ठरवायचं नाही. त्यानं कागद फाडला आणि कीर्तीला फोन केला, मी मशीन घेऊन येतोय.

सांगलीला पोचला तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. नेमिनाथ वाटच बघत होते. उंच, सडपातळ, पांढरी टोपी. त्यांनी मशीन हातात घेतलं, उलटसुलट करून बघितलं, टेबलावर ठेवलं. त्यांची बायको राजमती तानाजीसाठी ताक घेऊन आली. कीर्तीनं टीव्हीची वायर जोडली.

"अण्णा, लावायच्या आधी एक सांगायचंय," तानाजी म्हणाला.

"सांगा, सुभेदार."

"न्हाई, ते तुमीच वाचा. तुमच्या नावानं हाय."

कॅसेट चढली. चार मिनिटं ती फिरत राहिली. पडदा आला. अण्णांनी चष्मा बदलला आणि उभ्या उभ्याच वाचायला सुरुवात केली, ओठ हलवत. शेवटपर्यंत वाचून झालं, तसं त्यांनी परत पहिल्यापासून वाचलं. मग खुर्चीवर बसले.

"किती?" त्यांनी विचारलं.

"उन्हाळ्यात अकरा. आपला इशारा दहाचा. म्हंजी मिनिटाच्या आत."

"मिनिट असो की तास. रात ती रात." आवाज चढला नव्हता. "कीर्ती, पारसला लाव. आवाज मोठा कर."

पारस नव्वद साली कुवेतवर लढाई आली तेव्हा एका बॅगेनिशी परत आले होते आणि तेव्हापासून कवठे महांकाळला द्राक्षं करत होते. दोघा भावांत भांडण वगैरे काही नव्हतं. आठवड्यातून एकदा पारस सांगलीला यायचे, जेवून जायचे.

"पारस," अण्णा म्हणाले, "मशीनवर मुंबईच्या वेळा आहेत?"

पलीकडं थोडी खरखर झाली. "व्हय. लिहिलं होतं की."

"कुठं?"

"पत्रात. आणि मशीनवर."

"मशीनवर आज दिसलं."

"नवीन घेतलंस?"

"सुभेदारांनी आतून बदललं. पारस, तू परत येऊन पस्तीस वर्षं झाली. दर आठवड्याला येतोस. तोंडानं का नाही बोललास?"

"लिहिलं होतं ना," पारस म्हणाले. पुढं म्हणाले, "मला वाटलं, तू बारा वजा करत असशील. विचारायचं कसं? थोरला भाऊ. तुला येत नाही असं म्हटल्यासारखं झालं असतं."

अण्णांनी फोन कीर्तीच्या हातात दिला. राजमती इतका वेळ दारात उभी होती. ती म्हणाली, "म्हणून भावजी दहा-पंधरा मिनिटं आधीच ताट मागायचे होय. मी म्हणत होते, कुवेतची घाई अजून गेली न्हाई."

"तुला कळलं नाही?" अण्णांनी विचारलं.

"आवं, मला काय कळायचंय. तुमचं मशीन, तुमचा भाऊ."

तानाजीला आपण इथं बसावं की जावं समजेना. ताकाचा पेला हातात होता, तो त्यानं संपवला. मग म्हणाला, "अण्णा, माझ्या खणात जुनीच चिप हुती. ती घातली असती तर हे निघालं नसतं. मला नवी लावून बघायची हौस हुती, म्हणून बोललो न्हाई."

अण्णांनी त्याच्याकडं प्रथमच नीट बघितलं. "म्हणजे तुमीही बोलला नाही."

"न्हाई."

"बरं," अण्णा म्हणाले. "वही काढा."

पुढचे दोन तास त्यांनी हिशोब केला, तो दिवसांचा. तानाजीनं मशीनवर छोटा प्रोग्राम लिहिला, वर्षातून किती दिवस फरक दहाच्या वर जातो ते काढायला. सत्तर आले. छत्तीस उन्हाळे, म्हणजे दोन हजार पाचशे वीस. अण्णांना ढोबळ आकडा नको होता. एका मे महिन्यात ते शिखरजीच्या यात्रेला होते, एकवीस दिवस वजा. हर्नियाचं ऑपरेशन, चौदा. पुराचे नऊ. वीज नसायची तेव्हा ते अंगणात उभं राहून आकाश बघून पेला पालथा घालत, ते राजमतीच्या आठवणीनं पंचेचाळीस. शिल्लक दोन हजार चारशे एकतीस.

"सगळे मिळून फार तर चाळीस तास भरत्यात," तानाजीनं धीर द्यायचा प्रयत्न केला.

"सलग असते तर परवडलं असतं," अण्णा म्हणाले.

त्या संध्याकाळी त्यांनी सहालाच जेवून घेतलं आणि तानाजीलाही बसवलं. मशीन नंतर वाजलं तेव्हा ताटं घासून झाली होती.

मिरजेजवळच्या एका गावी त्या आठवड्यात मुनी महाराज पायी विहार करत आले होते, तिथल्या बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, त्यांचा दोन दिवस मुक्काम होता. रविवारी दोघे भाऊ त्यांच्या दर्शनाला निघाले. यंत्राचं कोणी तरी समजावून सांगायला हवं, म्हणून अण्णांनी तानाजीला उंब्रजहून बोलावून घेतलं. तानाजीनं आयुष्यात बऱ्याच ठिकाणी रिपोर्ट दिला होता, पण मंदिराच्या मंडपात, मांडी घालून, चिपबद्दल, हे पहिल्यांदाच.

महाराजांनी सगळं ऐकून घेतलं. चाळीस अक्षरं, ऐंशी अक्षरं, मुंबई, सांगली. मग नेमिनाथांना विचारलं, "जाणून केलंत?"

"नाही महाराज."

"आता वेळ बरोबर आहे?"

"आहे."

"मग वर्षभर दर चतुर्दशीला एकाशन करा, एकदाच जेवा. आणि घड्याळ बघून जेवू नका, घड्याळाच्या बरंच आधी जेवा. शेवटच्या मिनिटापर्यंत घास घेत बसणं हा हिशोबीपणा झाला."

अण्णांनी मान खाली घातली. एकोणऐंशी वर्षांच्या माणसाला हे शेवटचं वाक्य लागलेलं तानाजीला दिसलं. दोन हजार चारशे एकतीसचा आकडा कागदावर लिहून त्यांनी खिशात आणला होता. तो त्यांनी बाहेर काढला नाही.

मग महाराज पारसकडं वळले. "तुम्हाला ठाऊक होतं?"

"होतं. मी लिहिलं होतं."

"बोललात?"

"नाही." पारस बहात्तर वर्षांचे, उन्हानं रापलेले, हात जोडून बसले होते. "महाराज, मलाही काही द्या. मी आठवड्यातून एक दिवस मौन पाळीन."

"मौन तुम्ही पुष्कळ पाळलंय," महाराज म्हणाले. "तुम्ही रोज भावाला फोन करा आणि सूर्यास्ताची वेळ तोंडानं सांगा. वर्षभर."

मग गाडी परत सांगलीकडं निघाली. मिरजेच्या पुढं आल्यावर अण्णा म्हणाले, "सुभेदार, पारसचा तो मजकूर मशीनवरून काढू नका."

"रोज सकाळी बटण दाबायला लागंल."

"दाबतो."

मागच्या सीटवर पारस खिडकीतून बाहेर बघत होते. "त्यात एक चूक आहे," ते म्हणाले. "'पुरती वाचत नाहीस' हे लिहायला नको होतं."

"ते बरोबर आहे," अण्णा म्हणाले.

तानाजीनं पुढं जून संपायच्या आत आणखी दोन मशीनांच्या चिपा बदलल्या, एक साताऱ्यातल्या डॉक्टरांच्या आणि एक स्वतःसाठी नव्यानं मिळवलेल्या. पण आता गिऱ्हाइकाला तो आधी खण उघडून दाखवतो, दोन्ही रस्ते सांगतो आणि हेही सांगतो की नव्या मेमरीत काय निघेल याची जबाबदारी आपली नाही. डॉक्टरांच्या मशीनमध्ये काहीच निघालं नाही. तानाजीला थोडं वाईट वाटलं.

पारसचा फोन सांगलीला रोज संध्याकाळी साडेपाचला येतो. पहिले चार दिवस सुरळीत गेले. पाचव्या दिवशी अण्णांनी पारसनं सांगितलेली वेळ मशीनच्या वेळेशी ताडून बघितली, तर ती एक मिनिटानं कमी निघाली. अण्णांनी विचारलं, हे काय? पारस म्हणाले, मी कवठे महांकाळची सांगतोय, मी इथं राहतो. अण्णा म्हणाले, महाराजांनी सांगलीची सांगायला सांगितलंय. पारस म्हणाले, महाराजांनी गावाचं नाव घेतलं नव्हतं. हा वाद त्या दिवशी वीस मिनिटं चालला. दुसऱ्या दिवशीही चालला. कीर्तीनं शेवटी तानाजीला फोन करून विचारलं, की एक मिनिट इकडंतिकडं करायची काही सोय मशीनमध्ये आहे का.

"हाय," तानाजी म्हणाला. "पण अण्णांनी सोता सांगितलं तरच करीन."

अण्णांनी अजून सांगितलेलं नाही. साडेपाच वाजले की ते फोन घेऊन अंगणात खुर्ची टाकून बसतात. राजमती सांगते, की वाद संपेपर्यंत स्वयंपाक होतो, मग ते येऊन जेवतात, आणि मशीन वाजतं तेव्हा ती आणि अण्णा दोघंही अंगणात बसलेले असतात.